फांदी कुठे कापायची आणि कापणाऱ्याच्या कमरेला काय असावे

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, वृक्ष प्राधिकरण,
तसेच उद्यान विभागाचे अधिकारी,
महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिका व नगरपालिका

विषय: पावसाळापूर्व वृक्षछाटणीच्या निविदेतील अटींबाबत

महोदय, महोदया,

यंदाच्या पावसाळापूर्व छाटणीची एक निविदा मी मार्च महिन्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. ती कोणत्या शहराची होती हे येथे सांगत नाही, कारण गेल्या १९ वर्षांत मी वाचलेल्या अशा कागदांमध्ये शहराचे नाव बदलते, मजकूर फारसा बदलत नाही. अनामत रक्कम किती, टेम्पो किती, झाडे किती, फांद्या उचलायला उशीर झाल्यास दंड किती, हे सारे तिच्यात नेमकेपणाने लिहिलेले होते. फांदी नेमकी कुठे आणि कशी कापायची याविषयी एक ओळही नव्हती, आणि जो माणूस ती कापण्यासाठी ४० फुटांवर जाणार त्याच्या अंगावर काय असले पाहिजे याविषयी ‘सुरक्षेची सर्व जबाबदारी ठेकेदाराची राहील’ एवढे एकच वाक्य होते. हे पत्र त्या गाळलेल्या दोन गोष्टींविषयी आहे.

मी स्वतः झाडांवर चढून फांद्या कापतो. या कामाला इंग्रजीत झाडांचा शल्यविशारद अशा अर्थाचे मानाचे नाव आहे. आपल्याकडे कोकणात माडावर चढणाऱ्याला पाडेली हा स्वतंत्र शब्द असताना शहरातल्या वडा-पिंपळावर चढणाऱ्याला मात्र ‘झाड तोडणारा’ यापलीकडे काही म्हटले जात नाही. सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार आत फोन करतो तेव्हा ‘तोडणारे आलेत’ असेच सांगतो. नावाचा मला फारसा सोस नाही, पण तोडणाऱ्याकडून आपण तोडण्याचीच अपेक्षा ठेवतो आणि निविदाही त्याच अपेक्षेने लिहितो, हे खरे दुखणे आहे.

दोराशी माझी ओळख सह्याद्रीत झाली. तैलबैल्याच्या भिंतीवर आणि लोणावळ्याजवळच्या नागफणीवर ज्या गाठी शिकलो त्यांतल्या निम्म्या पुढे झाडावर कामी आल्या, उरलेल्या विसराव्या लागल्या. कातळावरचा दोर ताणला जाणारा असतो, कारण घसरलेल्या माणसाला त्याने झेलायचे असते. झाडावरचा दोर मात्र कमीत कमी ताणला जाणारा लागतो, कारण तेथे दिवसभर त्याच दोरावर बसून, त्याच्याच आधाराने फांदीच्या टोकापर्यंत चालत जाऊन काम करायचे असते. शिवाय कातळात ठोकलेली मेख तपासून पाहता येते. झाडाची फांदी बाहेरून हिरवीगार आणि आतून भुसा झालेली असू शकते.

म्हणून आमच्या दिवसाची सुरुवात मशीन, म्हणजे साखळीची करवत (चेनसॉ), चालू करून होत नाही. सकाळी साडेसहाला पोहोचल्यावर पहिला अर्धा तास झाडाभोवती फिरण्यात जातो. बुंध्याशी कवचासारखी कडक अळंबी उगवली आहे का, लाकडी हातोडीने ठोकल्यावर खोड कुठे पोकळ वाजते का, पदपथाच्या काँक्रीटने बुंध्याचा गळा आवळला आहे का, मागच्या वर्षी केबलसाठी खणलेला चर कोणत्या बाजूने गेला आणि त्या बाजूच्या किती मुळांचा आधार गेला, वर वाळलेल्या फांद्या कुठे अडकून राहिल्या आहेत, आग्या मोहोळ आहे का, घरटी आहेत का, तारा किती अंतरावरून जातात, हे सगळे खालून पाहून घ्यावे लागते. झाडाची जात तर आधी पाहावी लागते. जांभूळ, शेवगा आणि पांगारा यांची फांदी न कुरकुरता मोडते. चिंच वाकते पण सहसा दगा देत नाही. गुलमोहर म्हातारा झाला की त्याच्या जुन्या कापांतून ढोल्या तयार होतात. जांभळावर चढू नकोस, असे आमच्या आज्या उगाच बजावत नसत.

त्यानंतर पाव किलोच्या आसपास वजनाची छऱ्यांची छोटी पिशवी बारीक दोरीला बांधून निवडलेल्या बेचक्यातून पलीकडे फेकतात, तिच्यामागून चढण्याचा दोर ओढून घेतात, आणि दोघे जण त्या दोराला लोंबकळून बेचका भार घेतो की नाही हे जमिनीवरूनच तपासतात. पहिल्याच फेकीत पिशवी हव्या त्या बेचक्यातून गेली तर त्या दिवशीचा चहा माझ्याकडून, असा आमच्या टोळीचा नियम आहे. असा चहा वर्षभरात फार वेळा होत नाही.

आता साधनांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण निविदेत ‘आवश्यक ती साधने’ या दोन-तीन शब्दांत ती उरकलेली असतात. चढण्याचा दोर ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा, आत गाभा आणि बाहेर विणलेले आवरण असलेला लागतो. या प्रकारच्या दोराच्या युरोपीय मानकाप्रमाणे त्याने किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास ताण सहन केला पाहिजे. ८०-९० किलोच्या माणसाला एवढी ताकद कशाला, असा प्रश्न मला एका अधिकाऱ्यांनी विचारला होता. गाठ मारली की दोराची ताकद ढोबळमानाने तिसऱ्या हिश्श्याने घटते, उन्हाने धागे कमजोर होतात, सालीवर घासून आवरण विरते, आणि दोर सैल असताना माणूस एखादा मीटर जरी घसरला तरी दोराला बसणारा हिसका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो, हे त्याचे उत्तर आहे. दर सकाळी दोर हातातून सरकवत त्याचा वीतवीत भाग चाचपून पाहावा लागतो. आत कुठे मऊ किंवा पोकळ लागला तर तो दोर त्या दिवसापासून फांद्या ओढायच्या कामाला जातो. त्यावर पुन्हा माणूस चढत नाही.

कमरेला लागतो तो हार्नेस. मांड्या आणि कंबर दोन्ही पेलणारा, पुढे आणि दोन्ही बाजूंना कड्या असलेला. बांधकामावर पाठीशी कडी असलेला पट्टा वापरतात तो पडल्यावर अडकवून ठेवण्यासाठी असतो, त्यात बसून काम करता येत नाही. नुसता कमरेचा पट्टा तर त्याहून वाईट, कारण त्यात लटकलेल्या माणसाच्या बरगड्या आवळल्या जातात. हार्नेसशिवाय आणखी एक आखूड दोर हवा, ज्याच्या आत पोलादी तार असते आणि जो खोडाभोवती टाकून माणूस स्वतःला बांधून घेतो. झाडावर मशीन चालू करायचे असेल तर माणूस दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेला असलाच पाहिजे, हा नियम ज्या देशांत हे काम शिकवले जाते तेथे पहिल्या दिवशी सांगितला जातो. ताणलेल्या दोराला फिरती साखळी नुसती स्पर्शली तरी दोर तुटतो. त्यासाठी चूक मोठी असावी लागत नाही, मान वळवण्याएवढी पुरते.

मशीनची साखळी सेकंदाला २० मीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने धावते. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा चुकून दुसऱ्या फांदीला लागला तर मशीन कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते; हा उसळा डोळ्यांची पापणी लवण्याच्या आत येतो, म्हणून मुठीपुढे साखळी थांबवणारा ब्रेक दिलेला असतो. हा ब्रेक मोडलेली, काढून टाकलेली किंवा तारेने बांधून ठेवलेली मशीन मी पालिकांच्या कामांवर इतक्यांदा पाहिली आहेत की आता मी कामावर गेलो की आधी तोच पाहतो. पेट्रोलमध्ये तेल बहुतेक मशीनना ५० ला १ या प्रमाणात मिसळायचे असते. साखळीच्या दातांना गोल कानस दर टाकीमागे एकदा तरी फिरवावी लागते, आणि ती फिरवायची वेळ झाली हे लाकूडच सांगते. धार असली तर कापातून जाडसर चुरा पडतो, धार गेली की पिठासारखा भुसा उडू लागतो आणि माणूस मशीन रेटू लागतो. रेटणे सुरू झाले की अपघात जवळ आलेला असतो.

पायांसाठी वेगळी पँट मिळते. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडाला लागताच ते धागे बाहेर ओढले जाऊन मशीनच्या चक्रात गुंततात आणि साखळी जागीच थांबते. तिची प्रतवारी साखळीच्या वेगावर केलेली असते आणि पहिली प्रत सेकंदाला २० मीटर वेगासाठी असते. मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत ही पँट, शिरस्त्राण, कानांवरचे आवरण आणि तोंडावरची जाळी हे सगळे घालून काम करणे ही शिक्षा आहे, हे मी नाकारत नाही. आमची टोळी म्हणूनच साडेअकराला खाली उतरते आणि चारनंतर पुन्हा चढते. परंतु रोजी अमुक इतकी झाडे झालीच पाहिजेत असे आपण निविदेत लिहिता, तेव्हा ती पँट सर्वांत आधी टेम्पोत पडते, कारण ती घातलेला माणूस न घातलेल्या माणसाच्या वेगाने काम करू शकत नाही. माझ्या अंगावरच्या आणि पिशवीतल्या साऱ्या संचाची किंमत एका बऱ्या दुचाकीएवढी भरते. सर्वांत कमी दराने काम घेतलेला ठेकेदार तो संच चार माणसांना देईल, अशी अपेक्षा ठेवणारा हिशेब मला समजत नाही.

प्रत्यक्षात रस्त्यावर काय असते ते आपणही पाहता. नायलॉनचा बाजारी दोर, त्याचाच कमरेला वेढा, पायांत काही नाही किंवा रबरी चप्पल, हातात कोयता, आणि कोयता नाही तर मशीन. काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीतला एक २३ वर्षांचा मुलगा एका ठेकेदाराच्या कामावर असा पडला. त्याच्या कमरेला पट्टा होता, पट्ट्याला दोर होता, आणि तो दोर तो कापत होता त्याच फांदीला बांधलेला होता. फांदी गेली, तिच्याबरोबर तोही गेला. माकडहाड आणि खुबा मोडला, जीव वाचला, आज तो एका इमारतीत रखवालदारी करतो. तो निष्काळजी होता असे तेव्हा सगळे म्हणाले. मला त्याविषयी एवढेच म्हणायचे आहे की दोर कुठे बांधायचा हे त्याला आयुष्यात कोणीही दाखवलेले नव्हते, आणि हजेरीच्या कागदावर त्याची नोंद ‘मदतनीस’ अशी होती. मदतनिसाला झाडावर चढायचे शिकवले होते का, हा प्रश्न मग कोणत्याच तक्त्यात बसत नाही.

फांदीचे वजन किती असते याचा अंदाजही बहुतेकांना नसतो. ओले लाकूड घनमीटरला एक टनाच्या आसपास भरते असे धरले, तर ३० सेंटिमीटर व्यासाचा ३ मीटर लांबीचा ओंडका २०० किलोंहून अधिक होतो. तो ८ मीटरवरून सोडला तर जमिनीवर पोहोचताना त्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर असतो. म्हणून जाड फांदी सोडायची नसते, उतरवायची असते: वरच्या भक्कम बेचक्यात कप्पी, तिच्यातून वेगळा जाड दोर, आणि बुंध्याला बांधलेल्या लोखंडी नळीवर त्याच दोराचे दोन-तीन वेढे, ज्यांच्या घर्षणाने खालचा एकटा माणूस तो ओंडका हळूहळू जमिनीवर टेकवू शकतो. खालच्या माणसाचे कौशल्य वरच्याइतकेच असते, किंबहुना मी चढायच्या आधी दोर कोण धरणार हे विचारतो आणि मगच हो म्हणतो. एरवी निम्मा दिवस ‘भाऊ, दोन मिनिटे थांबा’ म्हणण्यात जातो, आणि दोन मिनिटे थांबायला तयार नसलेला एक तरी दुचाकीस्वार प्रत्येक झाडाखाली असतोच. रस्ता बंद करण्याचा अधिकार असलेला पालिकेचा किंवा वाहतूक शाखेचा माणूस जागेवर असावा, ही अट मी आजवर एकाच निविदेत वाचली.

आता कापाविषयी. फांदी खोडाला मिळते तेथे सुजल्यासारखी एक कडा दिसते. तिला कॉलर म्हणतात. ती कडा खोडाची असते, फांदीची नसते. काप तिच्या लगेच बाहेर घेतला तर पुढच्या काही वर्षांत सालीचे वेटोळे चारही बाजूंनी आत सरकत येऊन जखम झाकून टाकते. काप खोडाला चिकटून सपाट घेतला तर ती कडाच कापली जाते आणि कुज थेट खोडात शिरते. वीतभर किंवा हातभर खुंट मागे ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि त्याच वाटेने कुज आत जाते. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चेनसॉने उभी चिरून हे दाखवून दिले आणि १९७७ साली ते प्रसिद्ध केले: झाड जखम बरी करत नाही, जखमी लाकडाभोवती आतून भिंती उभारून ते त्याला वेगळे पाडते आणि त्यावर नवे लाकूड चढवते. आपण कापतो तेव्हा त्या भिंती मोडायच्या की राखायच्या हे काही सेंटिमीटरवर ठरते. कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासल्याने या कामात काही मदत होत नाही हेही त्याच संशोधनातून पुढे आले, तरी आपल्या काही निविदांत तेवढी एक अट मात्र आवर्जून असते. बुंध्याला गेरू आणि चुना लावण्याबद्दल मी येथे बोलत नाही, तो स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर माझे फार सौम्य मत नाही.

जाड फांदी तीन कापांत काढायची असते. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, म्हणजे फांदी गळून पडताना साल सोलत खोडापर्यंत येत नाही. तिसरा उरलेल्या खुंटावर, कॉलरच्या बाहेर. याला पाच मिनिटे अधिक लागतात. घाईत एकच काप वरून घेतला की फांदी आपल्या वजनाने फाटत खाली येते आणि खोडावर माणसाएवढ्या उंचीची सालपट निघालेली जखम राहते. आपल्या कार्यालयापासून घरी जाताना वाटेत अशा जखमा मोजून पाहाव्यात. कार्यालय कोणत्याही शहरात असले तरी मोजायला झाडे कमी पडणार नाहीत.

याहून वाईट प्रकार म्हणजे मुंडण. झाडाच्या सगळ्या मोठ्या फांद्या मध्येच कापून उभे खांब ठेवायचे, म्हणजे पुढची दोन-तीन वर्षे तक्रार येत नाही. एका हंगामात हिरव्या पसाऱ्याच्या पाव भागापेक्षा अधिक काढू नये, हा जगभरचा ढोबळ नियम आहे. मुंडणात जवळपास सगळाच पसारा जातो. उपाशी झालेले झाड मग प्रत्येक खुंटाच्या कडेने धुमारे सोडते. ते झपाट्याने वाढतात म्हणून लोकांना वाटते झाड सावरले. पण मूळ फांदी खोडात वर्षानुवर्षे गुंफत गेलेली असते, तर हे धुमारे सालीखालच्या झोपलेल्या डोळ्यांतून फुटून नुसते बाहेरच्या थराला चिकटलेले असतात, आणि ज्या खुंटाला ते चिकटले तो आतून कुजत असतो. चार-पाच वर्षांत ते मनगटाएवढे, मांडीएवढे होतात आणि पहिल्या मोठ्या वाऱ्यात झडतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता, आणि पुढचे अनेक दिवस मी इतर टोळ्यांबरोबर पडलेली झाडे उचलत होतो. उन्मळून पडलेल्या झाडांत मुळांची कत्तल दिसत होती. मोडलेल्या फांद्यांत मात्र जुन्या छाटणीचे काप दिसत होते, कित्येक ठिकाणी एकाच उंचीवर. वाऱ्याला दोष द्यायला माझी हरकत नाही, फक्त ती मोडण्याची जागा आम्ही माणसांनी आधी आखून दिली होती.

असे का होते, याचे उत्तर कामगाराच्या अडाणीपणात शोधले जाते. ते दराच्या रकान्यात आहे. काम झाडामागे मोजले जाते, आणि निघालेले लाकूड ठेकेदाराचे, अशी अट मी अनेक निविदांत पाहिली आहे. बारीक वाळक्या फांद्या, ज्या खरोखर लोकांच्या डोक्यावर पडतात, त्या काढायला टोकापर्यंत जावे लागते, वेळ लागतो आणि त्यांना वखारीत भाव नाही. जाड, निरोगी, खोडाजवळची फांदी दहा मिनिटांत येते आणि तिचे पैसे होतात. ठेकेदाराच्या जागी मी असतो तर मीही काय कापले असते, याचा विचार करून मी गप्प बसतो. लाकूड पालिकेने स्वतःच्या ताब्यात घ्यावे आणि त्याची विक्री वेगळी करावी, एवढा एक बदल झाला तरी शहरातली निम्मी मुंडणे थांबतील असे माझे मत आहे.

दुसरे कारण कॅलेंडरात आहे. वर्षभराचे काम सहा-सात आठवड्यांत कोंबले जाते. या आठवड्यांत शहरातली सगळी शिकलेली माणसे मिळूनही पुरत नाहीत, मग नाक्यावरून कोणीही उचलला जातो आणि त्याच्या हातात मशीन दिले जाते. याच काळात कावळ्यांची घरटी असतात, आणि जूनमध्ये बगळे-ढोकरींच्या वसाहती सुरू होतात. फांदीबरोबर पिल्ले खाली आलेली पाहणे हा या कामातला सर्वांत वाईट अनुभव आहे, पडण्याच्या भीतीपेक्षाही वाईट. वाळक्या फांद्या काढण्याचे आणि झाडे तपासण्याचे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात सहज होऊ शकते. तेव्हा साल कोरडी असते, हवा सोसवते आणि अंगावरचा संच घालून माणूस पूर्ण दिवस काम करू शकतो. मग मे महिन्यात तातडीचेच काय ते उरेल.

तारांविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण येथे चर्चेला जागा नाही. ११ किंवा २२ हजार व्होल्टच्या वाहिनीला स्पर्श करावा लागत नाही, ओल्या फांदीने किंवा लांब काठीच्या कोयत्याने तिच्या पुरेसे जवळ गेले तरी माणूस संपतो. ‘लाइन बंद केली आहे’ असे फोनवर कोणीतरी सांगितले म्हणून चढण्याची पद्धत आजही चालू आहे. वाहिनी बंद केल्याचा लेखी परवाना कामाच्या जागी टोळीप्रमुखाच्या हातात आणि वाहिनीला दोन्ही बाजूंनी अर्थिंग केल्याशिवाय कोणीही चढणार नाही, हे वाक्य वीज कंपनी आणि पालिका या दोघींच्या कागदांवर असले पाहिजे. आज दोघी परस्परांकडे बोट दाखवतात आणि मधल्या फांदीवर आमचा माणूस असतो.

आपल्या राज्याचा झाडांच्या संरक्षणाचा नागरी क्षेत्रांसाठीचा कायदा १९७५ सालापासून आहे. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत येते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. म्हणजे झाडाचे वय मोजण्याची, त्याच्या बदल्यात किती रोपे लावायची हे ठरवण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे, पण ७० वर्षांच्या वडावर मशीन घेऊन कोण चढू शकतो याची किमान पात्रता मी एकाही निविदेत पाहिलेली नाही. व्याख्या शब्दशः घेतली तर पालिकेने स्वतः करवून घेतलेली कित्येक मुंडणे तिच्यात बसतील.

दुसरीकडे काय आहे तेही सांगतो. ब्रिटनमध्ये माणसाला उचलून धरणारा प्रत्येक दोर, हार्नेस आणि कडी दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घेण्याचे बंधन १९९८ च्या नियमांनी घातलेले आहे, आणि झाडावर मशीन चालवण्यासाठी वेगळे प्रशिक्षण व परीक्षा असते. इतके लांब जायचे नसेल तर नारळ विकास मंडळाकडे पाहावे. मंडळाने २०११ पासून माडावर यंत्राने चढण्याचे प्रशिक्षण देऊन हजारो तरुण तयार केले आणि चढणाऱ्यांसाठी ‘केरा सुरक्षा’ ही अपघात विम्याची योजना चालवली. माडावर चढणाऱ्याला विमा आणि प्रशिक्षण देता येते, तर पर्जन्यवृक्षावर चढणाऱ्याला ते देण्यात कोणती अडचण आहे, हे मला आपल्याकडून ऐकायला आवडेल.

माझे म्हणणे पुढच्या निविदेपुरते आहे. कामाचा दर झाडामागे न ठेवता टोळीच्या दिवसावर ठेवावा आणि ठेका एका हंगामाऐवजी तीन वर्षांचा असावा, म्हणजे कापलेल्या झाडाकडे त्याच माणसाला पुन्हा यावे लागेल. प्रत्येक टोळीत चढणारी किमान दोन माणसे असावीत, आणि दुसऱ्याचा संच झाडाखाली तयार असावा. बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या हाती काही मिनिटेच असतात आणि अग्निशमन दलाची शिडी गल्लीत वळेपर्यंत ती संपतात. दोर, हार्नेस, मशीनचा ब्रेक आणि पँट यांची पाहणी काम सुरू होण्यापूर्वी आपल्या उद्यान निरीक्षकाने करावी व तिची नोंद ठेवावी. खिळ्यांचे बूट घालून चढणे फक्त पूर्ण काढायच्या झाडांपुरते ठेवावे, कारण जगवायच्या झाडावर त्यांचा प्रत्येक पाऊलठसा ही एक जखम असते. कापांची छायाचित्रे पाहिल्याशिवाय देयक मंजूर होऊ नये. आणि चढणाऱ्याचे नाव हजेरीच्या कागदावर चढणारा म्हणूनच लिहावे, कारण विमा त्याच शब्दावर मिळेल किंवा नाकारला जाईल. ठेकेदारामार्फत आलेल्या कामगाराच्या अपघाताची भरपाई मुख्य मालकाकडूनही मागता येते, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या भरपाई कायद्यापासून आहे. ‘सर्व जबाबदारी ठेकेदाराची’ या वाक्याने ते पुसले जात नाही.

या सगळ्याने खर्च वाढेल, हे उघड आहे. किती वाढेल ते आपले लेखा विभाग माझ्यापेक्षा चांगले सांगू शकतील, फक्त त्यांनी त्यात मोडलेल्या फांद्यांखाली आलेल्या गाड्यांची भरपाई आणि दर तीन वर्षांनी तेच मुंडण पुन्हा करण्याचा खर्चही धरावा.

पुढच्या हंगामाच्या निविदेचा मसुदा ज्या महिन्यात तयार होतो त्या महिन्यात कोणत्याही शहराच्या उद्यान विभागाने बोलावल्यास मी स्वखर्चाने येईन. सोबत लाकडाचे दोन तुकडे आणीन. दोन्ही एकाच रस्त्यावरच्या, नंतर वादळात पडलेल्या पेल्टोफोरमचे, म्हणजे पिवळ्या फुलांच्या सोनमोहराचे आहेत आणि दोन्ही उभे चिरलेले आहेत. एकात कॉलरच्या बाहेर घेतलेला जुना काप आहे, त्यावर चार बोटे नवे लाकूड चढले आहे. दुसऱ्यात काप खोडाला चिकटून आहे आणि त्याच्यामागे माझा हात कोपरापर्यंत आत जातो. ते टेबलावर ठेवून मग अटींचे कलम लिहायला बसू.

आपला,
झाडावर चढून काम करणारा एक नागरिक